माटुंगा परिसरांतील जुने हस्तचित्रित चहा-संच : परीक्षा आणि स्वच्छता

इतिहासाच्या साधनांसाठीं घरोघर हिंडणाऱ्या मंडळींस जुन्या कपाटांतून चिनी मातीचीं भांडीं नेहमींच दिसतात. दप्तराचे रुमाल सोडावे, कागद पाहून त्यांची यादी करावी आणि यजमानांचा निरोप घ्यावा, असा आपला परिपाठ आहे. ज्या कपाटांतून कागद निघाले त्याच कपाटाच्या वरच्या फळीवरील चितारलेला चहाचा संच मात्र शोभेची वस्तु म्हणून तेथेंच राहतो. वास्तविक असा संच हाही एक लेखच आहे. त्यावर देशाचें नांव असतें, कारखान्याचा शिक्का असतो, कारागिराच्या कुंचल्याचें वळण असतें आणि दोन-तीन पिढ्यांच्या वापराच्या खुणाही असतात. हा लेख वाचावा कसा, आणि वाचण्यापूर्वींच तो धुवून जाऊं नये म्हणून कोणती सावधगिरी ठेवावी, एवढेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आधीं ओळख आणि मग पाणी, हा क्रम या कामीं केव्हांही उलटूं नये. कारण भांड्यास पाणी किती सोसेल हें ओळख पटल्यावांचून कळत नाहीं.

१. माटुंग्याचा संबंध

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनें दादर-माटुंगा भागाची आंखणी केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जुन्या शहराच्या गर्दींतून निघालेलीं व बाहेरगांवाहून आलेलीं अनेक मराठी, गुजराथी व दाक्षिणात्य कुटुंबें येथें राहावयास आलीं. लगतच दादरची पारशी वसाहत उभी राहिली. यावरून संशोधकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. येथील घरें तरुण असलीं तरी घरांतील सामान घराहून वडील असूं शकतें. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कोरलेलें साल आंतील वस्तूंचा काळ सांगत नाहीं.

हें सामान आलें कोठून, याचीं मुख्य उगमस्थानें तीन. पहिलें चीन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचा कापूस व अफू कँटन बंदरास जाई आणि तेथून रेशीम, चहा व चिनी मातीचीं भांडीं येत. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनीं तरुणपणीं चीनच्या पांच सफरी केल्या. पारशी घराण्यांतील गारा साड्यांवरचें चिनी भरतकाम याच वाटेनें इकडे आलें. दुसरें इंग्लंड, तेथील कारखान्यांचा माल कंपनीच्या व पुढें राणीच्या अमदानींत येथील दुकानांत येत असे. तिसरें जपान. १८९३ सालीं जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीनें मुंबई ते कोबे असा नियमित आगबोटींचा मार्ग सुरू केला. तो मुख्यतः कापसासाठीं होता. पण त्यामुळें जपानी मालाचीही मुंबईची वाट सुगम झाली.

ज्यांना उत्तम नमुने पाहून डोळा तयार करावयाचा असेल त्यांनीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जावें. १९२२ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें उघडलेल्या या संस्थेस सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंचे संग्रह मिळाले असून त्यांत चिनी व जपानी भांडीं विपुल आहेत.

आज हा विषय निकडीचा झाला आहे. माटुंग्याच्या जुन्या इमारती पुनर्बांधणीसाठीं एकामागून एक रिकाम्या होत आहेत. घर आवरण्याच्या घाईंत संच वांटले जातात किंवा भंगाराच्या भावानें विकले जातात; आणि विकण्यापूर्वीं ते लखलखीत दिसावे म्हणून घांसले जातात. या शेवटच्या प्रकारानें होणारें नुकसान सर्वांत मोठें होय.

२. पदार्थाची परीक्षा

आपल्या भाषेंत ‘चिनी माती’ हा शब्द फार सैल अर्थानें वापरतात. बरणी, बशी, फरशी, सर्वच चिनी माती! बशीसाठीं जुन्या मराठींत असलेला ‘पिंगाण’ हा फारसींतून आलेला शब्दही पदार्थाचा भेद सांगत नाहीं. परीक्षकास तर निदान तीन पदार्थ वेगळे ओळखतां आले पाहिजेत.

पहिला अस्सल पोर्सेलीन. केओलिन नांवाची शुभ्र माती व फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांचें मिश्रण सुमारें १३०० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून अधिक उष्णतेंत भाजून तें होतें. केओलिन हें नांवही चीनमधील जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेंकडीवरून पडलें आहे. युरोपांत हें कसब माइसेन येथें साध्य झालें व १७१० सालीं तेथें कारखाना निघाला. दुसरा बोन चायना. यांत हाडांची राख निम्म्याच्या आसपास असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जोसाया स्पोड यानें याचें प्रमाण बसविलें. तिसरा झिलई दिलेली भाजकी माती, म्हणजे ज्यांतून उजेड जात नाहीं असें भांडें. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं १८७० नंतर जीं नामांकित भांडीं तयार झालीं तीं या तिसऱ्या वर्गांतलीं. त्यांचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत आहेत. त्यांस पोर्सेलीन म्हणूं नये.

परीक्षा सोपी आहे. बशी दिव्यासमोर धरून मागें बोटें हलवावीं. पहिल्या दोन पदार्थांत बोटांची सावली दिसते, तिसऱ्यांत दिसत नाहीं. बोन चायनाचा पांढरा रंग किंचित् उबदार, दुधाळ. चिनी पोर्सेलीनमध्यें बहुधा निळसर किंवा करडी झांक असते. टवका उडाला असेल तर तेथें भिंगानें पाहावें. पोर्सेलीनची मोड कांचेसारखी घट्ट असते आणि तींत डाग मुरत नाहीं. भाजक्या मातीची मोड खरबरीत असून चहाचा रंग आंत शोषून घेते. भांडें वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. परंतु ज्यास केसासारखा तडा असण्याचा संशय आहे तें भांडें वाजवूं नये.

३. चित्रणाची परीक्षा

चित्र झिलईच्या खालीं आहे कीं वर आहे, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कोबाल्टचा निळा रंग कच्च्या भांड्यावर देऊन वरून झिलई चढवितात आणि दोन्ही एकत्र भाजतात. असें चित्र कांचेच्या पेटींत ठेवल्यासारखें सुरक्षित असतें. गुलाबी, हिरवे, पिंवळे वगैरे मीनारंग मात्र भाजलेल्या झिलईवर काढून सातशें ते साडेआठशें अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. सोनेरी काम त्याहूनही नाजुक. तें बहुधा सर्वांच्या शेवटीं व सर्वांत कमी आंचेवर बसवितात. भांडें तिरपें धरून त्यावरून उजेड जाऊं द्यावा. चित्राच्या ठिकाणीं चकाकी बदलली, किंवा बोटाच्या अग्रास रंगाची कड लागली, तर चित्र झिलईवरचें आहे असें समजावें. चिनी भांड्यांवरील प्रसिद्ध गुलाबी मीना सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होतो. तो १७२० च्या सुमारास प्रचारांत आला. म्हणून असा रंग ज्यावर आहे तें भांडें त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. जिंगदेझेनहून कोरीं भांडीं आणून तीं कँटनमध्यें गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें रंगविण्याचा मोठा धंदा होता. मुंबईस आलेला पुष्कळ माल या प्रकारचा आहे.

दुसरा प्रश्न, चित्र हातचें कीं छापाचें. पोथ्यांच्या संग्राहकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिळाछापावर निघालेली पोथी दुरून हस्तलिखितासारखी दिसते. पण दोन प्रती शेजारीं ठेवल्या कीं प्रत्येक वेलांटी तंतोतंत जुळते आणि कोडें सुटतें. तेंच येथें करावें. सहा बशा ओळीनें मांडून एकच फूल सहाही ठिकाणीं पाहावें. हातानें काढलेल्या फुलांत पाकळ्यांचा झोंक, रंगाचा दाटपणा, कुंचला उचलल्याची शेपटी, यांत फरक पडतो. छापाच्या चित्रांत तो पडत नाहीं. शिवाय किनारीचे दोन तुकडे जेथें जोडले तेथें सांधा चुकलेला आढळतो, आणि दहापट भिंगाखालीं शिळाछापाचे बारीक ठिपके दिसतात. तिसरा प्रकार मिश्र आहे : रेघा छापाच्या आणि आंतले रंग हातानें भरलेले. त्यास ‘हस्तचित्रित’ म्हणावयाचें असल्यास नोंदींत तसा स्पष्ट उल्लेख करावा.

४. तळावरील शिक्का

तळावरचा शिक्का म्हणजे पोथीची पुष्पिका. पुष्पिकेविषयीं आपण जो अविश्वास शिकलों तोच येथें उपयोगीं पडतो.

नकलकार मूळ प्रतींतील शक तसाच उतरवून घेतो, हें आपण जाणतों. चिनी भांड्यांवर सहा अक्षरांचा बादशाही शिक्का असतो. तो वरून खालीं व उजवीकडून डावीकडे वाचावा. कांगशी (१६६२–१७२२) किंवा छ्येनलुंग (१७३६–१७९५) या बादशहांचीं नांवें एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील भांड्यांवरही सर्रास आढळतात. कित्येकदां त्यामागें फसविण्याचा हेतु नसून जुन्या कामाविषयींचा आदर असतो. परंतु काळ ठरविण्यास तें नांव एकटें पुरत नाहीं. माइसेनच्या निळ्या दुहेरी तलवारींच्या नकलाही अशाच अगणित झाल्या.

ग्रंथाचा रचनाशक आणि प्रतीचा लेखनशक निराळे असतात. इंग्रजी भांड्यांवर १८४२ ते १८८३ पर्यंत शंकरपाळ्याच्या आकाराचा नोंदणीशिक्का असे व १८८४ पासून नुसता नोंदणीक्रमांक येऊं लागला. हा नमुन्याच्या नोंदणीचा काळ होय. त्या नमुन्याचें भांडें पुढें अनेक वर्षें निघूं शकतें. म्हणून हा शिक्का ‘याच्या पूर्वींचें नाहीं’ एवढेंच सांगतो.

देशाच्या नांवाविषयींही तारतम्य हवें. अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यान्वयें मार्च १८९१ पासून तेथें जाणाऱ्या मालावर मूळ देशाचें नांव घालणें सक्तीचें झालें. जपानी मालावर ‘निप्पॉन’ हें नांव १९२१ पर्यंत चाललें. मग अमेरिकेनें ‘जपान’ असें लिहिण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत कांहीं मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असें येई. या साली सर्वत्र उद्धृत केल्या जातात; परंतु त्या अमेरिकेच्या बाजारपेठेच्या आहेत. मुंबईस आलेल्या भांड्यावर देशाचें नांव नाहीं म्हणून तें १८९१ पूर्वींचें, असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. नांव असेल तर तो पुरावा. नसेल तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

५. एका संचाचें उदाहरण

किंग्ज सर्कलजवळच्या एका घरांतील संच प्रस्तुत लेखकानें तपासला. चहादाणी, साखरदाणी, दूधदाणी, पांच कप व सहा बशा, असे चौदा नग. घरची परंपरा अशी कीं, हा संच खापरपणजोबांनीं १८५७ पूर्वीं कँटनहून आणला. भांडीं पातळ असून बोटांची सावली स्वच्छ दिसते. चित्र तळ्याचें, कांठीं झाडें आणि पाण्यांत हंस, किनारीस उठावाचे पांढरे ठिपके व सोनें. हंसाची मान प्रत्येक कपावर निराळी वळली आहे. चित्र हातचें याविषयीं शंका नाहीं. तळाशीं हिरव्या रंगांत ‘हँड पेंटेड’ व ‘निप्पॉन’ हीं रोमन लिपींतील अक्षरें. दोन बशांवर मात्र नुसतें ‘जपान’ आहे; त्यांचें सोनें अधिक भडक असून भिंगाखालीं छापाचे ठिपके दिसतात. एका कपाचें सोनें पूर्ण उडालें आहे. तो चिंच व राखेनें घांसला जात असे, असें घरच्यांनींच सांगितलें.

निष्कर्ष उघड आहे. बारा नग जपानी, साधारणतः १८९१ ते १९२१ या काळांतले. फुटलेल्या दोन बशांच्या जागीं पुढें मिळत्याजुळत्या दोन बशा घेतल्या गेल्या. मग कँटनची कथा खोटी म्हणावी काय? त्याच घरांत शिवणाच्या रिळांसाठीं वापरांत असलेला एक झांकणाचा वाडगा निघाला. त्यावर गुलाबी मीन्याचीं फुलें, फुलपांखरें व माणसांच्या आकृतींच्या चौकटी आहेत. हें एकोणिसाव्या शतकांतील कँटनचें ठराविक काम होय. कथा बहुधा या वाडग्याची. अधिक दिखाऊ वस्तु घरांत आल्यावर ती तिच्याकडे सरकली. सनदेची हकीकत भलत्याच कागदास चिकटलेली आपण दप्तरांतून पाहतों, तसाच हा प्रकार आहे. संच जर आणखी घांसला गेला असता आणि वाडगा भंगारांत गेला असता, तर कथाही गेली असती व तिचें निराकरणही.

६. स्वच्छता

प्रथम छायाचित्रें घ्यावीं व प्रत्येक नग भिंगानें पाहून त्याची प्रकृति लिहावी : तडे, टवके, झिलईंतील जाळी, उडालेलें सोनें, जुनी जोड. पूर्वीं फुटलीं भांडीं धातूचे टांके मारून किंवा लाखेनें सांधीत. अलीकडची जोड व वरून दिलेला रंग अतिनील प्रकाशांत बहुधा निराळा चमकतो. तळाशीं चिकटविलेली दुकानाची चिठ्ठी, शाईनें घातलेला अंक, वांटणीच्या वेळीं रंगानें काढलेलें आद्याक्षर, हीं मळ समजून काढूं नयेत. तींही साधनेंच आहेत.

पुढें तीन वर्ग करावे.

पहिला वर्ग : अभंग पोर्सेलीन वा बोन चायना, चित्र झिलईखालचें, सोनें नाहीं. हीं भांडीं धुतां येतात. हातांतल्या अंगठ्या-बांगड्या काढाव्या. धातूच्या किंवा दगडी मोरींत न धुतां प्लास्टिकच्या टबांत तळाशीं जाड टॉवेल अंथरून एका वेळीं एकच नग घ्यावा. कोमट पाणी व सौम्य साबणाचे दोन-चार थेंब पुरे. कान किंवा झांकणाची मूठ धरून भांडें उचलूं नये. दोन्ही हात अंगाखालीं असावे. स्वच्छ पाण्यानें खळबळून मऊ सुती कपड्यावर पालथें घालावें.

दुसरा वर्ग : मीनारंग किंवा सोनें असलेलीं भांडीं. हीं पाण्यांत बुडवूं नयेत. मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी. मग कापसाचा बोळा ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजवून व पिळून आधीं एखाद्या अडचणीच्या कोपऱ्यांत लावून पाहावा. बोळ्यावर रंग किंवा सोन्याची झांक आली तर तेथेंच थांबावें. न आल्यास बोळा टेंकवून उचलावा, घांसूं नये, आणि मळका होतांच बदलावा. १८३० च्या सुमारास माइसेन येथें निघालेलें पातळ द्रवरूप सोनें पुढें स्वस्त मालांत सर्वत्र गेलें. तें दिसावयास झगझगीत पण इतकें विरळ असतें कीं वर्षानुवर्षांच्या नुसत्या पुसण्यानेंही झिजतें.

तिसरा वर्ग : तडे, झिलईची जाळी, जुनी जोड किंवा भाजकी माती. यांस पाणीच शत्रु. पाणी फटींतून आंत शिरतें व मळही बरोबर नेतें. मग वरचा डाग जाऊन आंतला कायमचा होतो. गरम पाण्यानें लाख मऊ पडून सांधा सुटतो. धातूचे टांके गंजले असतील तर मुंबईच्या पावसाळी हवेंत त्यांचा डाग पसरतो. अशीं भांडीं कोरड्या कुंचल्यापलीकडे घरीं हाताळूं नयेत. संग्रहालयांतील संवर्धनाचें काम जाणणाऱ्यांस दाखवावीं.

आपल्या घरगुती उपायांविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. राख, रांगोळी, तारेचा चोथा व घांसण्याची पूड यांनीं झिलईवर बारीक ओरखडे पडतात व त्यांत पुढचा मळ अधिक धरतो. चिंच व लिंबू पितळेस योग्य; पण मीनारंगांत बहुधा शिसें असतें, आणि आंबटानें तो रंग निस्तेज होऊन शिसें सुटतें. याच कारणास्तव अशा भांड्यांतून आंबट पदार्थ खाऊं नयेत. कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनयुक्त द्रावण तर सर्वस्वीं वर्ज्य. त्यानें सोनें बिघडतें. शिवाय त्यांतील क्षार फटींत राहून वाळतांना स्फटिक होतात व झिलई आंतून उचलतात. चहादाणीच्या आंतला जुना तपकिरी थर पहिल्या वर्गाच्या भांड्यांत खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपानें हळूहळू निघतो. सोनें वा मीना असलेल्या अंगास तो लावूं नये. थर निघाला नाहीं तर राहूं द्यावा. त्यानें भांड्याची हानि होत नाहीं, आणि तो भांडें वापरांत असल्याचा पुरावाही आहे. भांडीं धुण्याच्या यंत्रांत व सूक्ष्मलहरींच्या भट्टींत जुनें चितारलेलें भांडें कधींही घालूं नये.

ठेवतांना बशांच्या मध्यें मऊ कापड घालावें, कप एकांत एक बसवूं नयेत व कानानें टांगूं नयेत. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळूं नये, शाई लागते. पूर्वींच गुंडाळलेलें आढळल्यास तो कागद मात्र फेंकूं नये. त्यावरील तारीख भांडें केव्हां बांधून ठेवलें तें सांगते.

७. नोंद

प्रत्येक संचाची नोंद पोथीच्या नोंदीसारखी व्हावी : नगांची संख्या, मापें, पदार्थ, चित्र झिलईवर कीं खालीं, हातचें कीं छापाचें, तळावरील अक्षरें जशीं आहेत तशीं, नगानगांतील फरक, आणि घरची परंपरा सांगणाऱ्याच्या शब्दांत. परंपरा व निष्कर्ष एकाच वाक्यांत मिसळूं नयेत. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानें बांधावी. डिंकानें चिकटवूं नये. भावंडांत वांटणी अटळ असेल तर ती होण्यापूर्वीं सर्व नग एकत्र मांडून एक छायाचित्र घ्यावें व त्याची प्रत प्रत्येकास द्यावी. वर सांगितलेल्या दोन परक्या बशा चौदा नग एकत्र होते म्हणूनच ओळखूं आल्या. चार घरीं विखुरल्यावर त्या निमूटपणें अस्सल म्हणून चालल्या असत्या. माटुंग्यांत दप्तरें पाहावयास जाणाऱ्या मंडळींनीं कागदांच्या यादीच्या शेवटीं कपाटांतील भांड्यांसाठीं एक पान राखून ठेवावें, आणि घर रिकामें होण्याची तारीख ठरली असेल तर तें पान आधीं भरावें.